आघाडी-युतीच्या सरकारात आपल्या मराठवाड्याचीच कामं कामून अडकतात?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

राम राम मंडळी. इथं जुनी जाणती माणसं आहेत म्हणून विचारतो. आमच्या गावाला पांदण रस्ता आहे, रस्ता म्हणायचा नुसतं, पाऊस झाला की काळ्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुतती, सोयाबीन काढलं की पोती डोक्यावर डांबरीपर्यंत आणायची आन तिथून टेम्पोत टाकून मोंढ्यात न्यायची. तो रस्ता एकदाचा मंजुरीच्या यादीत आला, मोजणी झाली, दोन्ही बाजूचे शेतकरी कधी नव्हं ते एका शब्दावर आले, कुणी बांध सोडला कुणी लिंबाचं झाड तोडू दिलं, आणि तेवढ्यात तिकडं मुंबईत सरकार बदललं. काम बंद. विचारायला गेलं तर एकजण म्हणतो आमदार एका पक्षाचे आन पालकमंत्री दुसऱ्याचे, दुसरा म्हणतो आता नवीन यादी होणार, तिसरा म्हणतो खातं तिसऱ्याच पक्षाकडं आहे.

तर माझा प्रश्न असा की हे दोन-तीन पक्षांचं सरकार नेमकं चालतं कसं? खाती कोण वाटतं, काय ठरलं ते कुठं लिहून ठेवतात का नाही? आणि एकाच पक्षाचं बहुमत असतं तर आपली कामं झाली असती का? गावात पारावर यावरून रोज वाद चाललेत. पक्षाचा प्रचार नको, खरं काय ते सांगा.

मांजराकाठ (लातूर)

प्रश्न चांगला विचारलात. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळं थोडं मागून सुरू करतो, कंटाळू नका.

विधानसभेत २८८ आमदार, बहुमताला १४५ लागतात. १९९० पासून एकाही पक्षाला एकट्याच्या जिवावर १४५ गाठता आलेले नाहीत. १९९० ला काँग्रेस १४१ वर थांबली, २०१४ ला भाजप १२२ वर आणि २०२४ ला एवढी लाट म्हणतात तरी १३२ वर. म्हणजे ज्यांचं वय आज पस्तीस-चाळीस आहे त्यांनी एका पक्षाच्या बहुमताचं सरकार धड बघितलेलंच नाही.

आपल्याकडं पहिलं आघाडी सरकार १९७८ चं. जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९, इंदिरा काँग्रेसला ६२. दोन्ही काँग्रेस निवडणुकीत एकमेकींविरुद्ध लढल्या आणि निकालानंतर एकत्र बसल्या, वसंतदादा मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. ते काही महिन्यातच गेलं. शरद पवार बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ ला पुलोदचं, म्हणजे अनेक पक्षांच्या पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं. त्यात बीड जिल्ह्यातले सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री होते, आमचे शंकरराव चव्हाण सुद्धा मंत्री होते. आता बघा, सरकार येऊन दहा दिवस बी झाले नव्हते आणि २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला. पुढं मराठवाड्यात दलित वस्त्यांवर काय काय झालं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही. ठराव करणारं सरकार अनेक पक्षांचं, नुकतंच बसलेलं, गावोगावी घरं जळायला लागल्यावर ते गडबडलं आणि अंमलबजावणी थांबली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तोपर्यंत किती तरी लोकांनी जीव दिले. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पण त्याच पुलोदच्या काळात दुसरी एक गोष्ट झाली ती लोक विसरतात. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. विधिमंडळानं तो १९७७ लाच केला होता, ७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांची आठवण त्याच्या मागं होती. पुलोद फेब्रुवारी १९८० ला बरखास्त झालं पण रोहयो राहिली, कारण तो कायदा होता, मागेल त्याला काम द्यावंच लागायचं, मग मुख्यमंत्री कुणी का असंना. तुमच्या रस्त्याचं उत्तर मला वाटतं इथं कुठंतरी आहे, बाकीच्यांचं ऐकून परत लिहितो.

बालाघाटी (बीड)

सर तुमचा आदर ठेवून बोलतो, पण मला हे पटत नाही. मी पाच वर्षं ग्रामपंचायतीत काढलीत, आघाडी सरकारनं आपलं वाटोळं केलंय हे माझं स्पष्ट मत आहे. १९९५ घ्या. सेना ७३, भाजप ६५, झाले १३८, कमी पडले सात, आणि अपक्ष निवडून आले होते ४५. आता ज्याला सात माणसं पाहिजेत त्याच्या दारात ४५ जण उभे म्हटल्यावर काय होणार, ज्याचा जोर जास्त त्याचं काम आधी. कृष्णा खोऱ्याचं महामंडळ १९९६ ला झालं. आपलं गोदावरी मराठवाडा पाटबंधारे महामंडळ कधी? १९९८ ला. तेव्हा उपमुख्यमंत्री आपल्या परळीचे गोपीनाथराव होते, गृहखातं त्यांच्याकडं, सरकारात त्यांचा दरारा होता, तरी आपण दोन वर्षं मागं. नंतर १९९९ ते २०१४ बघा. मुख्यमंत्री काँग्रेसचा, त्यात विलासराव आणि अशोकराव दोघं आपले, पण अर्थ आणि जलसंपदा राष्ट्रवादीकडं. म्हणजे खुर्ची लातूरकडं, नांदेडकडं आणि पाण्याची अन पैशाची चावी मित्रपक्षाच्या खिशात. मुख्यमंत्र्यानं कितीबी ठरवलं तर मित्रपक्षाच्या मंत्र्याला हुकूम सोडता येत नाही, तो उद्या पाठिंबा काढल. २००२ च्या जून मधे विलासरावांवर विश्वासदर्शक ठरावाची वेळ आली, शेकाप बाहेर पडला, सरकार कसंबसं वाचलं. ज्याचं निम्मं ध्यान सरकार टिकवण्यात जातंय तो जायकवाडीच्या पाण्यासाठी नगर-नाशिकवाल्यांशी भांडल का?

एकहाती सत्ता पाहिजे. मग निदान कॉलर कुणाची धरायची ते तरी कळतं.

मांजराकाठ (लातूर)

बालाघाटी, कृष्णेचं महामंडळ आधी व्हायला अपक्षांपेक्षा मोठं कारण कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाचं होतं. महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी ३१ मे २००० च्या आत अडवून वापरात आणायचं अशी घाई होती, कर्नाटक अन आंध्र पुढं चालले होते. घाई खरी होती. त्यात गोदावरी खोरं मागं पडलं हे तुमचं म्हणणं मात्र मान्य.

आणि एकहाती म्हणता तर १९८० ते १९९० बघा की. काँग्रेसचं स्वतःचं बहुमत. त्या दहा वर्षात मुख्यमंत्री किती झाले? अंतुले, बाबासाहेब भोसले, परत वसंतदादा, आपले निलंगेकर, परत शंकरराव, परत पवार. निलंगेकर साहेब जून १९८५ ते मार्च १९८६, नऊ महिने. त्यांना कुठल्या मित्रपक्षानं त्रास दिला नव्हता.

गोदामाय (नांदेड)

सरांचा मुद्दा मी पुढं नेते. जानेवारी २००९ आठवा. अशोकरावांच्या सरकारनं नांदेडला महसूल आयुक्तालय जाहीर केलं आणि लातूर पेटलं. बंद झाले, बस फोडल्या, प्रकरण कोर्टात गेलं. आमच्या नांदेडात पेढे वाटले होते, लातूरकडं टायर जाळत होते, अन दोन्हीकडं सत्ता एकाच पक्षाची! मित्रपक्ष बाजूला उभा राहून बघत होता. इतकी वर्षं झाली, आयुक्तालय ना नांदेडला आलं ना लातूरला, आजही हिंगोली, नांदेडच्या माणसाला महसुली अपिलासाठी संभाजीनगर गाठावं लागतं, पहाटे निघायचं अन रात्री यायचं, तारीख पडली की परत. मराठवाड्याचे ४६ आमदार आहेत, कुठल्याही आघाडीला ४६ हा आकडा पाडू शकतो किंवा तारू शकतो, पण ते ४६ जण एका प्रश्नावर एकत्र उठलेत असं मला तरी आठवत नाही.

आता दुधनाकाठ भाऊंचा रस्ता. आमदार-पालकमंत्री वेगळ्या पक्षाचे हे कारण अर्धं खरं आहे. जिल्ह्याचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो ज्याला आपण सगळे डीपीडीसी म्हणतो. कायद्यानं या समितीत पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद, नगरपालिकांतून निवडून आलेल्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. अध्यक्ष पालकमंत्री. आता आपल्याकडच्या जिल्हा परिषदांच्या मुदती २०२२ च्या मार्च मधे संपल्या आणि तिथून पुढं कित्येक वर्षं प्रशासक. म्हणजे त्या काळात समितीत गावाकडनं गेलेला माणूसच नव्हता! राहिलं कोण, पालकमंत्री, आमदार-खासदार आणि कलेक्टर. मग पालकमंत्र्याच्या सहीला वजन येणारच, अन ती सही कोणत्या पक्षाची यावर तीन पक्षात रस्सीखेच होणारच. झेडपी जिवंत असती तर तुमच्या गटाचा सदस्य त्या बैठकीत टेबलावर हात आपटून बोलला असता.

आणि पालकमंत्री तरी वेळेवर मिळतो का. ३० जून २०२२ ला शिंदे सरकार आलं, ९ ऑगस्टपर्यंत अख्ख्या राज्याला दोघंच, मुख्यमंत्री अन उपमुख्यमंत्री. ९ तारखेला १८ मंत्री झाले, त्यात संभाजीनगर जिल्ह्याला भुमरे, सत्तार, सावे असे तीन आणि धाराशिवला तानाजी सावंत. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, जालना? एकही नाही. पालकमंत्री जाहीर व्हायला सप्टेंबरचा शेवट आला, लातूर आणि नांदेड दोन्ही जामनेरच्या गिरीश महाजनांकडं, वर धुळं सुद्धा. माणूस कितीही कामाचा असूद्या, जामनेरहून देगलूरच्या शिवाराचं पाणी त्याला कसं दिसणार. २०२४ ला तर महायुतीतल्या तिन्ही पक्षांचे मिळून २३० आमदार, तरी निकाल २३ नोव्हेंबरला, शपथ ५ डिसेंबरला, बाकीचे मंत्री १५ ला, खातेवाटप २१ ला आणि पालकमंत्री १८ जानेवारीला. बहुमत भरपूर होतं, वेळ वाटणीत गेला.

खंडपीठाजवळ (छत्रपती संभाजीनगर)

मी वकिली करतो, कायद्याचा भाग सांगतो, मूळ प्रश्न "कुठं लिहिलेलं असतं का" हा होता आणि तो राहूनच गेला.

घटनेत आघाडी, युती असं काही नाही. राज्यपालांना एवढंच बघायचंय की सभागृहात बहुमत कुणाकडं आहे. पाठिंब्याची पत्रं दिली जातात, शपथ होते, मग सभागृहात बहुमत चाचणी. उपमुख्यमंत्री हे पद सुद्धा घटनेत नाही, मंत्री म्हणूनच शपथ होते, बाकीचं आपसातलं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा आली म्हणून आपल्याकडं मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. तीन पक्षांना ४३ खुर्च्या पुरत नाहीत, तिथून महामंडळं, समित्या, पालकमंत्रिपदं यांना भाव येतो. खात्यांच्या वाटपाला कायद्याचा कुठलाच नियम नाही. २००४ ला राष्ट्रवादीच्या ७१ आणि काँग्रेसच्या ६९ होत्या, जास्त जागा ज्याच्या त्याचा मुख्यमंत्री असं म्हणतात, तिथं झालं उलटं, मुख्यमंत्रिपद काँग्रेसला आणि मंत्रिपदं जास्त राष्ट्रवादीला.

किमान समान कार्यक्रम असतो, २०१९ च्या २८ नोव्हेंबरला महाविकास आघाडीनं तो जाहीरही केला होता. पण तो पक्षांचा आपसातला कागद, कोर्टात त्याच्यावर दावा चालत नाही. फुटण्याला आळा म्हणून दहावं परिशिष्ट आहे, त्यात आधी एक तृतीयांश फुटले तर चालायचं, ते ९१ व्या दुरुस्तीनं काढलं. तरी जून २०२२ ला शिवसेना फुटलीच अन ठाकरे सरकार गेलंच. सुप्रीम कोर्टानं ११ मे २०२३ ला सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते बरोबर नव्हतं, प्रतोद (आमदारांना पक्षाचा व्हीप काढणारा) नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा असतो, विधिमंडळ गटाचा नाही. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही. आणि अपात्रता ठरवायची कुणी, तर अध्यक्षांनी, जे त्याच सभागृहात त्याच बहुमतानं निवडून आलेले असतात. माझ्या मते सगळ्यात मोठी दुरुस्ती इथं पाहिजे, ते काम स्वतंत्र लवादाकडं द्या.

दुधनाकाठ, तुमच्या रस्त्याचे कागद बघितल्याशिवाय नेमकं बोलता येत नाही, पण जुलै २०२२ मधे राज्यभर एप्रिल २०२१ पासून मंजूर झालेल्या आणि सुरू न झालेल्या बऱ्याच कामांना स्थगिती आली होती, त्यावर इथल्या खंडपीठात याचिका सुद्धा आल्या. त्यामुळं तारखा बघा. उलटंही झालंय, जलयुक्त शिवार २०१४ च्या डिसेंबरला सुरू झालं, २०१९ नंतरच्या सरकारनं थांबवून चौकशी लावली, २०२२ नंतर परत दुसरा टप्पा. चूक बरोबर कुणाची ते बाजूला ठेवा, नाला खोलीकरण अर्धं राहिलं तर पावसाचं पाणी सरकार बघून थांबत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ ला मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं झाली. निधीचं समन्यायी वाटप करायची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली, सिंचनाच्या अनुशेषाचे, म्हणजे मागं राहिलेल्या कामांचे निर्देश त्यातूनच निघायचे. म्हणजे सरकार एकाचं असो नाहीतर पाच जणांचं, आपल्या वाट्याला हात लावताना कुणीतरी विचारणारा होता. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि वाढवली नाही. २०२१ च्या मार्च मधे विधानसभेत हा विषय निघाला तेव्हा त्या वेळच्या उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं की राज्यपाल ज्या दिवशी विधान परिषदेवर नेमायच्या सरकारनं पाठवलेल्या १२ नावांवर सही करतील त्या दिवशी मंडळं जाहीर करू. विरोधी पक्ष ओरडला की मराठवाडा-विदर्भाला ओलीस धरलं, आणि ते खरंच होतं. बारा आमदारांच्या बदल्यात आठ जिल्ह्यांचं हक्काचं मंडळ! नंतर ओरडणारे सत्तेत आले, सप्टेंबर २०२२ ला पुनर्गठनाचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, पण नुसत्या निर्णयानं मंडळ उभं राहत नाही, राष्ट्रपतींचा आदेश लागतो. मला राग या दोघांचाही येतो, आणि त्याहून जास्त आपला येतो, कारण तेव्हा मराठवाड्यात एकही बाजारपेठ बंद झाली नाही. आयुक्तालयासाठी बस फुटतात अन मंडळ गेलं ते बहुतेकांना कळलंच नाही.

बालाघाटी (बीड)

वकीलसाहेब ही १२ आमदारांची गोष्ट मला इतक्या खुलाशानं माहीत नव्हती. वाचून डोकं फिरलं. पण मग माझंच म्हणणं खरं होतंय की, आघाडीत सौदा होतो आणि सौद्यात आपण जातो.

मांजराकाठ (लातूर)

सौदा सगळीकडं होतो हो, एका पक्षात तो बंद खोलीत गटागटात होतो आणि आघाडीत जरा उघड्यावर. उलट आघाडीत मित्रपक्ष एकमेकांच्या खात्यातलं बाहेर काढतात म्हणून आपल्याला कळतं तरी. माझं म्हणणं एवढंच की सौद्यात कुठली वस्तू ठेवायची नाही हे कायद्यानं आधीच ठरलेलं पाहिजे. रोहयो सौद्यात ठेवता आली नाही. विकास मंडळ ठेवता आलं, कारण दर काही वर्षांनी मुदत वाढवायला कुणाची तरी मर्जी लागायची. आणि पॅकेज म्हणाल तर ते सौद्यात सुद्धा नसतं. ४ ऑक्टोबर २०१६ ला संभाजीनगरात मंत्रिमंडळ बैठक झाली, ४९ हजार कोटींवर घोषणा. १६ सप्टेंबर २०२३ ला परत बैठक, ४५ हजार कोटी आणि वर नदीजोडचे १४ हजार. दोन्ही वेळेला मुख्यमंत्री वेगळे, पक्षांची जुळणी वेगळी. घोषणेला कायदा लागत नाही, मुक्तिसंग्राम दिनाच्या जवळची तारीख मिळाली की झालं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी प्यालेलं लातूर आहे आमचं, स्टेशनवर वाघिणी लागल्या की लोक बघायला गर्दी करायचे, तेव्हा आम्हाला आकडे नका सांगू, किती रुपये कोणत्या लेखाशीर्षाखाली आले ते सांगा.

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पारावर हे सगळं वाचून दाखवणार आहे. ताई, एक विचारायचं होतं. सध्या गावपातळीवर आम्ही काय करू शकतो? आमदारांना निवेदन दोनदा दिलंय, फोटो निघाला, पुढं काही नाही.

गोदामाय (नांदेड)

निवेदन देऊन काही होत नाही भाऊ, कागद मागा. आधी ग्रामसभेचा ठराव घ्या, रस्त्याचे गट नंबर, लांबी, दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांच्या संमतीच्या सह्या सगळं त्यात येऊ द्या, कारण यादी नवी झाली की जुनी मोजणी कुणी मानत नाही. मग माहितीच्या अधिकारात तहसील आणि जिल्हा नियोजन कार्यालय दोन्हीकडं अर्ज टाका, आमचं काम कोणत्या तारखेला, कोणत्या योजनेत, किती रकमेला मंजूर झालं आणि कोणत्या आदेशानं थांबलं. डीपीडीसीच्या शेवटच्या तीन बैठकांचं इतिवृत्त मागा. आदेशाचा नंबर हातात आला की मग आमदाराकडं जा, आणि निवेदन न देता तारांकित प्रश्न टाका म्हणा, नागपूरच्या अधिवेशनात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते छापून येतं, मग पालकमंत्री कुठल्याही पक्षाचा असो. तुमचा आमदार टाकत नसला तर शेजारच्या मतदारसंघातल्या विरोधी आमदाराला द्या, तो आनंदानं टाकंल.

खंडपीठाजवळ (छत्रपती संभाजीनगर)

ताईंचं बरोबर आहे. स्थगितीचा आदेश मिळाला तर मला दाखवा, त्यावर तारीख आणि कारण काय लिहिलंय ते महत्त्वाचं. नुसतं "शासन स्तरावरून" एवढंच लिहिलेलं असेल तर खंडपीठात विचारता येईल. आणि तुमच्याच अडचणीतली आजूबाजूची चार-पाच गावं असतील तर एकत्र या, एकट्या गावाचा अर्ज फायलीत पडून राहतो.